जुनं क्रेडिट कार्ड बंद करायच्या आधी हे वाचा, विशेषतः घर घेणार असाल तर

उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाने त्याचं सगळ्यात जुनं क्रेडिट कार्ड बंद केलं. २०१२ चं, पहिल्या नोकरीतलं, वर्षाची फी शून्य, कपाटात पासबुकांखाली पडलेलं. वापरत नाही तर ठेवायचं कशाला, म्हणून बँकेला फोन केला आणि कात्रीने चिपवरूनच दोन तुकडे केले.

दोन महिन्यांनी होम लोनला गेला तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात ते उधारीच्या रेकॉर्डवरचे गुण, ७८२ चा ७४१. एकही हप्ता चुकलेला नाही, पगार तोच! व्याज पाव टक्का जास्त सांगितलं, म्हणजे ४० लाखांवर २० वर्षांत जवळपास दीड लाख रुपये हो.

झालं असं, की बंद केलेल्या कार्डाची लिमिट दीड लाख होती आणि उरलेल्याची फक्त ५० हजार. खर्च महिन्याला साधारण ४० हजार, तो आधी २ लाखांत २० टक्के दिसायचा, आता ५० हजारांत ८० टक्के दिसतो, आणि हे प्रमाण ३० च्या आत असावं म्हणतात. तो बिल पूर्ण भरतो हो, पण भरायच्या आधीचाच आकडा सिबिलकडे गेला तर माणूस उधारीवर जगतोय असंच वाटणार ना. कार्ड बंद केलं की जुना रेकॉर्ड लगेच पुसला जातो हा मात्र गैरसमज आहे, बंद खातं रिपोर्टमध्ये बरीच वर्षं दिसतं.

मला राग याचा येतो की कार्ड गळ्यात मारायला दहा फोन येतात, बंद करताना मात्र लिमिटबद्दल एक शब्द कुणी सांगत नाही. सांगायला हवं, आणि नियमच हवा तसा.

फी लागत असेल किंवा हातून खर्च आवरत नसेल तर बिनधास्त बंद करा, पण लोन मंजूर झाल्यावर, आणि लेखी. नुसतं कापून कार्ड बंद होत नाही. कार्डावर थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करून द्यावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला. फुकटचं कार्ड असेल तर राहू द्या, अधूनमधून मोबाईल रिचार्ज मारा त्यावर, कारण वर्षभर वापरलं नाही तर बँक कळवून स्वतःच बंद करू शकते.

भाऊ आता बिल बनायच्या दोन दिवस आधीच पैसे भरतोय, दुसऱ्या कार्डाची लिमिट वाढवायला अर्ज दिलाय, लोनची फाईल दिवाळीनंतर परत टाकणार आहोत.