‘लाखाच्या आतली जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती’ : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

एक संदेश गेले कित्येक महिने नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : लाखाच्या आत मिळणारी जुनी गाडी घेणं म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणं. पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात काढतं. जुन्या गाडीच्या विक्रीवर १८ टक्के जीएसटी लागतो. विमा मिळत नाही, पार्ट मिळत नाहीत. पेट्रोल आणि गॅरेज मिळून नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा जास्त पैसे जातात. अपघात झाला तर जीव वाचत नाही. आणि शेवटी सल्ला : घ्यायचीच असेल तर मीटरवर कमी किलोमीटर असलेली बघा आणि स्टॅम्प पेपरवर व्यवहार उरका, नावावर करायचा खर्च कशाला.

यातला एक मुद्दा खरा आहे, एक-दोन अर्धे खरे आहेत, बाकीचे चुकीचे आहेत आणि शेवटचा सल्ला धोक्याचा आहे. हा संदेश वाचून माघार घेणारी माणसं माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून हे लिहितो आहे. तालुक्याच्या गावी राहणारी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागणारी, पण महिन्याचा सहा-सात हजारांचा हप्ता न झेपणारी ही माणसं आहेत. शेवटची एसटी गेल्यावर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. त्यांच्यासाठी ऐंशी हजारांची अल्टो ही चैन नाही, आणि चुकीच्या माहितीवर त्यांनी निर्णय घ्यावा हे मला पटत नाही.

सर्वांत जास्त भीती बसते ती पंधरा वर्षांच्या मुद्द्याने. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते हे खरं. पण ती संपली म्हणजे गाडी संपली असं मोटार वाहन कायदा म्हणत नाही. गाडी आरटीओकडे नेऊन दाखवायची, तिथल्या निरीक्षकाने ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असं ठरवलं की नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते. यालाच आपण ‘पासिंग’ म्हणतो. २०२१ साली आलेल्या स्क्रॅपिंग धोरणातही खासगी गाडीचा निकष फिटनेसचा आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा आदेश हरित लवादाने दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी दिला होता आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. सातारा, अकोला, पेडणे इथल्या गाड्यांना तो लागू नाही. दिल्लीच्या बातम्या आपल्या गावच्या गाडीला चिकटवल्या गेल्या, आणि गोंधळ झाला तो इथेच.

मात्र पासिंगला खर्च आहे आणि तो भाव ठरवताना धरायलाच हवा. नोंदणी नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झाली. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड वेगळा. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर, आणि गाडी २०१९ च्या एप्रिलआधीची असेल तर नवी नंबर प्लेट, म्हणजे ७४५ रुपये अधिक जीएसटी. त्यामुळे चौदा वर्षांची ‘स्वस्त’ गाडी आणि नुकतंच पासिंग करून आणलेली सोळा वर्षांची गाडी यांत दुसरी खरी स्वस्त असू शकते. आरसीवर नोंदणी कधीपर्यंत आहे ते वाचा आणि तेवढे पैसे भावातून वजा करायला सांगा. शिवाय दिल्लीहून आलेली गाडी इथे कवडीमोल भावात मिळते म्हणून भुलू नका. तिथल्या आरटीओची एनओसी हवी, इथे पुन्हा नोंदणी आणि कर भरावा लागतो. एनओसी ‘येणार आहे’ असं कोणी म्हणत असेल तर ती हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

जीएसटीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत ठरलेला १८ टक्क्यांचा दर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यासाठी आहे, आणि तोही त्याच्या नफ्याच्या रकमेवर. तुम्ही शेजाऱ्याची गाडी घेतलीत तर त्यावर एक रुपयाही जीएसटी नाही.

विमा मिळत नाही हेही खोटं. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, वर जीएसटी. इथे एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. ७९६ सीसीची अल्टो पहिल्या गटात बसते, तर जुनी १०६१ सीसीची वॅगन आर आणि १०८६ सीसीची सँट्रो दुसऱ्या गटात. अवघड जातो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. पण ऐंशी हजारांच्या गाडीसाठी तो घ्यावा का, हा प्रश्न तसाही विचार करण्याजोगा आहे.

पार्टच्या बाबतीत संदेशाने सगळ्या गाड्या एका दावणीला बांधल्या आहेत. मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, ओम्नी, सँट्रो, इंडिका यांचे पार्ट पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, मुंबईत कुर्ल्याला मिळतात, आणि तालुक्याचा दुकानदारही संध्याकाळच्या एसटीने मागवून देतो. मारुती ८००चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, तरी तिचा क्लच केबल कुठल्याही गॅरेजवाल्याच्या भिंतीवर लटकलेला दिसतो. याउलट भारतातून निघून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या बघा. शेवरलेची विक्री २०१७ अखेर थांबली, आपल्या तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं. या गाड्या चालवायला उत्तम आहेत, म्हणूनच पन्नास-साठ हजारांत मोह होतो. पण दरवाजाचं काच-मशीन किंवा एखादा सेन्सर गेला की शोधाशोध सुरू होते. तुमच्या गावात ती गाडी जाणणारा मिस्त्री नसेल तर घेऊ नका.

आता पैशांचा मुद्दा. संदेशातली सगळ्यांत फसवी गोष्ट हीच आहे, कारण ती ऐकताना पटते.

चार लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं मुदत धरा. हप्ता साधारण साडेसहा हजार, म्हणजे वर्षाला ७८ हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच पस्तीस हजारांच्या वर जातं. आता पेट्रोल. नवी छोटी गाडी लिटरला २२ किलोमीटर आणि जुनी १५ देते असं धरू, म्हणजे जुनीवर अन्यायच करू. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणाऱ्याला नवीला २७३ लिटर लागेल, जुनीला ४००. फरक १२७ लिटरचा, १०४ रुपयांच्या दराने तेरा हजारांचा. त्या जुन्या गाडीला पहिल्या वर्षी चार टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, होस पाइप, कूलंट, टायमिंग बेल्ट असं सगळं करून तीस-पस्तीस हजार घातले, तरी पेट्रोलच्या फरकासह बेरीज पन्नास हजारांच्या खाली राहते. दुसऱ्या वर्षापासून ती आणखी उतरते. आणि पंच्याऐंशी हजारांची गाडी तीन वर्षांनी विकताना बुडून बुडून चाळीस हजार बुडतील. नवीचा भाव तीन वर्षांत त्याहून कितीतरी जास्त उतरतो.

हाच हिशेब वर्षाला वीस हजार किलोमीटर धावणाऱ्यासाठी उलटा फिरतो. रोज पन्नास-साठ किलोमीटर ये-जा असेल तर पेट्रोलचा फरकच चव्वेचाळीस हजारांवर जातो, झीज वेगळी. अशा माणसाला संदेशाचं म्हणणं लागू आहे, आणि त्याने जुनी अल्टो घेऊ नये. ती गाडी आहे ती बाजारहाट, दवाखाना, लग्नकार्य, शेतावरची फेरी एवढ्यासाठी.

इथेनॉलचाही विचार करायला हवा. २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या बनावटीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असं म्हटलं होतं. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होऊ शकतात. म्हणून गाडी घेतल्यावर पहिल्या कामातच इंधनाच्या नळ्या तपासा, चिरा दिसल्या तर बदला. हा खर्च काही शेकड्यांत होतो, आणि पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका टळतो. मायलेजसाठी सीएनजी किट असलेली जुनी गाडी घेत असाल तर किटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

खरी अडचण एकूण खर्चापेक्षा त्याच्या चालीत आहे. हप्ता दरमहा सारखा जातो. जुनी गाडी मात्र चार महिने काहीच मागत नाही आणि पाचव्या महिन्यात एकदम अठरा हजार मागते. ज्यांच्या दारात जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी राहून सडते, त्यांनी बहुतेक वेळा हातातले सगळे पैसे गाडीतच घातलेले असतात. लाख रुपये असतील तर पासष्ट-सत्तर हजारांची गाडी घ्या आणि उरलेले तीस बाजूला ठेवा. ते गाडीचेच पैसे आहेत, लग्नाच्या आहेरात काढायचे नाहीत.

कमी किलोमीटरचा सल्ला मला सर्वांत अजाण वाटतो. मीटर मागे फिरवता येतो. आणि मीटर खरा असला तरी चौदा वर्षांत वीस हजार चाललेली गाडी बराच काळ उभी होती, एवढंच त्यातून कळतं. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, टाकीत गंज धरतो, टायर नक्षी शाबूत असूनही कालबाह्य होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. तो आकडा मीटरपेक्षा खरं बोलतो.

किलोमीटरआधी पत्रा बघा. इंजिन बांधता येतं, कुजलेली गाडी परवडत नाही. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेतल्या गाडीच्या दाराखालच्या पट्ट्या आणि पायाखालची जमीन मॅट उचलून पाहा, बोटाने दाबा. कोल्हापूर-सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणला २०२१ च्या जुलैमध्ये गाड्या पुरात बुडाल्या होत्या, आणि अशा गाड्या धुऊनपुसून लांबच्या गावी विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटचे रूळ गंजलेले असतात. गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेट थंड असायला हवं. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधाळ थर दिसला तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या सीलची, शंका घ्या. आपला मिस्त्री सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे. चालकासाठी एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा त्याच वर्षी एप्रिलपासून. लाखाच्या आतल्या बहुतेक गाड्यांत दोन्ही नसतात. २०१४ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने तपासलेल्या आपल्याकडच्या पाचही छोट्या गाड्यांना, त्यात अल्टो ८०० होती, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. हे कोणी लपवू नये. पण हा संदेश ज्यांना अडवतो ती माणसं नवी गाडी घेणार नसतात, ती मुलांना मध्ये बसवून मोटरसायकलवर पावसात निघणार असतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ जीव गेले, त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. तुलना करायची तर ती त्या मोटरसायकलशी करा. आणि गाडी घेतल्यावर पहिला पैसा टायर, ब्रेक आणि चारही सीट बेल्टवर घाला, म्युझिक सिस्टिमवर नाही. एक्स्प्रेस वेवर शंभरने पळवायला ही गाडी नाही, हे घरातल्या तरुण मुलाला स्पष्ट सांगा.

राहिला स्टॅम्प पेपरचा सल्ला. नोटरी केलेल्या कागदाने गाडी तुमच्या नावावर होत नाही. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असेल तर २८, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह ३५. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी नोंदीत ज्याचं नाव आहे त्याची, मग गाडी मधल्या काळात कितीही हात फिरलेली असो. म्हणजे विकणारा विकूनही अडकतो. घेणारा अडकतो तो पुढे : पासिंग संपतं तेव्हा अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावे करावा लागतो, तो मालक गाव सोडून गेलेला असतो किंवा हयात नसतो, आणि चांगली चालणारी गाडी केवळ कागदाअभावी भंगारवाल्याकडे जाते. टोकन देण्याआधी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, बोजा आणि विम्याची तारीख पाहा, थकलेले ई-चलान पाहा. आणि आरसीवर नाव असलेला माणूस समोर येऊन सह्या करत नसेल, तर भाव कितीही उतरला तरी ती गाडी तिथेच सोडून घरी या.