बटण कुणी दाबलं?

ज्या माणसाने नेटवर्क स्विचच्या कमांडमधला ‘ॲड’ हा शब्द गाळला त्याला मी ओळखत नाही, पण काल दुपारभर त्याचंच स्मरण चाललं होतं. भोसरीतला एक कारखाना. हे गृहस्थ घरबसल्या एसएसएचवरून (लांबून स्विचमध्ये शिरायची सुरक्षित वाट) अपलिंकच्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या मुख्य जोडणीवर, नवा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) घालायला गेले. कमांडमध्ये ‘ॲड’ नसेल तर स्विच जुनी यादी पुसून नवीच धरतो. झालं! स्विच सांभाळायला ठेवलेला मॅनेजमेंटचा व्हीलॅनसुद्धा गेला, लांबून आत शिरायची सोय संपली.

मग उरतो कन्सोल, म्हणजे स्विचला थेट केबल लावून बोलायची सोय. फिकट निळी केबल, 9600 बॉडचा वेग आणि हल्लीच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो म्हणून यूएसबीचं लोंबतं शेपूट, ज्याचा ड्रायव्हर ऐनवेळी रुसतो. तरी माझा भरवसा याच्यावरच.

रॅकपुढे उकिडवा बसलोय, तोच अकाउंट्सचे साहेब चहा घेऊन हजर.

“हे काळं काय उघडलंय?”

“कमांड लाइन, साहेब.”

“अजून? अहो, माझ्या घरच्या राउटरला ॲप आहे. मुलगी एका बोटाने करते.”

“यालाही वेबपेज आहे.”

“मग ते उघडा की!”

“नेटवर्कच बंद आहे. पेज येणार कुठून?”

“वायफायवरून.”

“वायफाय याच स्विचवर आहे.”

साहेबांनी एक घोट घेतला. “मग बंद करून चालू करा.”

चीड याची, की सल्ला एरवी बरोबर आहे. सेव्ह न केलेलं रीस्टार्टने उडतं. म्हणून तर जाणती माणसं लांबून हात घालण्याआधी ‘रिलोड इन 10’ (दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट) टाकून ठेवतात. पण आमच्या गृहस्थांनी सगळ्या ओळी एकदम पेस्ट केल्या होत्या आणि शेवटची ओळ होती ‘राइट मेमरी’, म्हणजे सेव्ह. हे मी समजावतोय, तोवर साहेबांनी भिंतीवरचं बटण दाबलंसुद्धा.

पुढची काही मिनिटं आम्ही दोघं स्क्रीनवर सरकणारी बूटची अक्षरं बघत बसलो. वेबपेजचा मला राग नाही, एखादा पोर्ट चालू आहे का ते बघायला झकास. पण 48 पोर्ट एकेक क्लिक करत बसायचे? ‘इंटरफेस रेंज’ची एक ओळ टाकली की मोकळे! आणि एसएसएचऐवजी जुनं टेलनेट ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. पासवर्ड उघड्यावर जातो, जाऊ दे.

स्विच उठला. मी ‘ॲड’सकट एक ओळ टाकली, सेव्ह केली. वरून ओरड आली, “आलं नेट!”

“बघा,” साहेब म्हणाले, “रीस्टार्टच लागत होता.”

संध्याकाळी बिल परत आलं. व्हिजिट चार्जवर लाल रेघ, बाजूला त्यांच्याच अक्षरात: ‘काम आमच्याकडून झाले.’