बुडत्याला काडीच द्या, हात नको

लेक अकरा वर्षांची. पोहण्याचे चारही स्ट्रोक येतात, पन्नास मीटर फ्रीस्टाइल एका दमात मारते, कपाटावर दोन मेडल लटकलेली. त्यामुळे जीवरक्षणाच्या वर्गात नाव घातलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "आई, मला पोहता येतं की!"

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना जीन्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून पाण्यात उतरवलं. बाईसाहेब हसत उतरल्या. शर्टात हवा भरून तो फुगला आणि हनुवटीपर्यंत वर आला. हवा निघाल्यावर बाह्या दंडाला चिकटल्या. फ्रीस्टाइलसाठी हात पाण्याबाहेर काढायचा तर ओल्या बाहीचं ओझं घेऊन काढायचा. आठ-दहा हातांतच दम लागला. शेवटी पाठीवर पडून, नुसते पाय हलवत काठाला आली. चेहरा उतरलेला. मला वाईट वाटलं आणि (खरं सांगते) बरंही वाटलं. पाण्यात चुकून पडणारं मूल स्विमसूट आणि गॉगल घालून पडत नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या अगदी पहिल्या डिप्लोमालाच कपड्यांसकट पोहून दाखवावं लागतं. आपण मात्र स्ट्रोक सुधारण्यात वर्षं घालवतो.

माझं म्हणणं एवढंच, की पोहता येणाऱ्या मुलाचा धोका संपत नाही, वेगळा होतो. न येणारं मूल काठावरून ओरडतं. येणारं मूल मित्राला वाचवायला सूर मारतं. आणि घाबरलेला माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो. तो मुद्दाम करत नाही, त्याला फक्त तोंड पाण्याबाहेर हवं असतं. अकरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर तिच्याहून मोठा मुलगा चढला तर तिची मेडल काय कामाची?

म्हणून वर्गात त्यांना सर्वांत जास्त वेळ काय शिकवलं, तर पाण्यात न उतरणं. आधी आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं. मग काठावर पालथं झोपायचं, छाती जमिनीला टेकवायची, म्हणजे समोरच्याने हिसका दिला तरी आपण आत जात नाही. आणि हात पुढे करायचा नाही. काठी, ओढणी, टॉवेल, पँटचा पाय, काहीही पुढे करायचं. हात धरला तर तो आपल्याला सोडत नाही, टॉवेल मात्र आपण सोडू शकतो. तेवढं लांब पोहोचत नसेल तर तरंगणारं काहीतरी फेकायचं, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅनसुद्धा चालतो. 'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण आपण कीव करायला वापरतो. सरांनी ती नियम म्हणून शिकवली.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच माहीत नव्हती. बुडणारा माणूस हात हलवत 'वाचवा' म्हणत असेल अशी आपली कल्पना. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण करून वेगळंच सांगितलं: तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, मिळालेला क्षण श्वासातच जातो, आवाज निघत नाही. हात वर येत नाहीत, बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभंच, पाय मारलेले दिसत नाहीत. आणि हे चालतं जेमतेम २० ते ६० सेकंद. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं उभं पोहतंय.

आणि तो 'पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो' खेळ! हा चांगल्या पोहणाऱ्यांचाच खेळ. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की जास्त टिकता येतं, असं पोरं एकमेकांना सांगतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. म्हणजे धोक्याची घंटाच आपण बंद करून ठेवतो, आणि पोर पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध होतं. आमच्या घरी हा खेळ आता बंद. रुसवा झाला, होऊ दे.

ओढ घेणाऱ्या पाण्याबद्दलही शिकवलं. समुद्रात आत खेचलं गेलं तर काठाकडे झुंजायचं नाही, आधी पाठीवर तरंगून दम घ्यायचा, हात वर करून मदत मागायची, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरकायचं. पण हे पोहण्याच्या तलावात कितपत मुरतं याची मला शंका आहे. तलावाला ओढ नसते, तळ दिसतो आणि चार फुटांवर कठडा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांच्या शिफारशींमध्ये मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता एकत्रच शिकवायला सांगितलंय. मी नियमित क्लासच्या सरांना विचारलं, महिन्यातून एक तास यासाठी देता का? म्हणाले, "मॅडम, कपडे घालून उतरवलं तर पाणी खराब होतं, आणि पालकांना स्पर्धा हव्या असतात." दुसऱ्या कारणावर मला बोलता आलं नाही. गेल्या वर्षी टायमिंग का सुधारत नाही म्हणून त्यांच्याशी भांडलेली आई मीच.

पहिल्यावर तोडगा काढलाय. स्वच्छ धुतलेले, फक्त तलावासाठीच ठेवलेले कपडे. सहा पालक तयार आहेत, दहा झाले की परत विचारणार. ज्यांची मुलं पोहतात त्यांनी इनबॉक्स करा. जुनी जीन्स असेल तर तीही सांगा, आमची सुकता सुकत नाहीये.