ओकच्या खुर्चीचा पाय : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ओकच्या जुन्या खुर्च्यांवरील माझ्या लेखातल्या त्रुटी आपण सविस्तर कळवल्यात, त्याबद्दल आभार. इंग्लिश आरेखक अर्नेस्ट गिम्सन यांच्या शिडीसारख्या पाठीच्या खुर्च्यांना मी सरसकट ओकच्या म्हटले, ही माझी चूकच झाली. १८९० मध्ये गिम्सन हेरेफर्डशायरमधील बॉस्बरी गावी जाऊन फिलिप क्लिसेट या सत्तरी ओलांडलेल्या कारागिराकडे काही आठवडे हे काम शिकले. क्लिसेट मुख्यतः ॲश या दुसऱ्या झाडाचे लाकूड वापरत आणि गिम्सन यांच्या खुर्च्यांतही तेच लाकूड अधिक दिसते.

परंतु ‘अमेरिकेतील फर्निचर-कारखानदार गुस्ताव्ह स्टिकली यांच्या खुर्च्या यंत्रावर झाल्या, त्यांच्या पायांना वरून लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवलेले असतात, तेव्हा त्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स (हातकामाला मान देणाऱ्या चळवळीतल्या) नव्हेतच, अस्सल पाय अखंड लाकडाचा आणि चारही बाजूंना चंदेरी पट्ट्यांचा हवा’, हे आपले म्हणणे मला मान्य नाही. स्टिकली यांनी यंत्र कधी लपवले नाही. ज्या गिम्सन यांचा दाखला आपण देता, त्यांच्या डेनवे येथील कार्यशाळेतही आरेखन त्यांचे, देखरेख पीटर वाल्स यांची आणि हात इतर सुतारांचे असत. त्या मंडळींत स्वतः रंधा धरणारे म्हणजे सिडनी बार्न्सली.

आता पायाविषयी. ओकचा ओंडका गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेत चिरला की फळीवर चंदेरी पट्टे उमटतात, आणि स्टिकली यांच्या ओकची सारी शोभा त्यांतच आहे. मात्र चौकोनी पाय अखंड असेल, तर हे पट्टे समोरासमोरच्या दोनच बाजूंवर येतात. उरलेल्या दोन साध्या राहतात. आपण मागता तसा पाय झाडच देत नाही. म्हणून गुस्ताव्ह यांनी साध्या बाजूंवर पट्टेदार लाकडाचे पापुद्रे लावले, तर त्यांचे धाकटे भाऊ लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज यांनी फेएटव्हिलच्या (न्यूयॉर्क राज्य) कारखान्यात चार फळ्यांच्या कडा तिरप्या कापून त्या गाभ्याभोवती अशा जुळवल्या की सांधा नेमका कोपऱ्यावर यावा. मला धाकट्यांची युक्ती अधिक सरस वाटते. ‘द क्राफ्ट्समन’ मासिकातून बांधणीच्या प्रामाणिकपणाचा आग्रह धरणाऱ्या गुस्ताव्ह यांनी पापुद्रा लावावा, ही विसंगती खरीच; पण तेवढ्याने खुर्ची बनावट ठरत नाही. उलट, बॅटरीचा उजेड तिरपा पाडल्यावर पायाच्या कडेलगत दिसणारी बारीक रेघ ही गुस्ताव्ह यांच्या कारखान्याच्या कामाची एक खूणच आहे.

‘गडद रंग म्हणजे निव्वळ रंगरंगोटी’ हेही अर्धेच बरोबर आहे. लाकूड अमोनियाच्या वाफेत ठेवले की ओकमधील टॅनिन या नैसर्गिक तुरट द्रव्यावर तिची क्रिया होऊन लाकूड आतपर्यंत काळवंडते. सालीजवळच्या कोवळ्या लाकडात टॅनिन कमी, त्यामुळे ते फिकट राहते आणि तेवढ्या जागी कारखान्यात रंग लावून मेळ साधावा लागे. म्हणजे तेवढ्या पट्टीपुरते आपण बरोबर आहात.

ॲशची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे.