ऋषीचे कूळ, रेझरचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे सांगतात. या यादीत रेझरचा समावेश नाही, हे मी घरच्यांच्या वारंवार निदर्शनास आणून देत असतो. परंतु भाच्याने भेट दिलेल्या ‘परंपरागत कारागिरीच्या’ रेझरचे मूळ मी शोधू लागल्यापासून माझे कोणी ऐकून घेत नाही.

हा रेझर काळ्या पेटीत, मखमलीवर पहुडलेला आला. सोबतच्या जाड कागदावर मिशाळ गृहस्थाचे चित्र, खाली ‘वारसा’ या विषयावरील छोटेखानी निबंध आणि दांड्यावर लेझरने कोरलेले कंपनीचे नाव होते. किंमत अडीच हजार रुपये. अडचण एवढीच, की हुबेहूब असाच रेझर, निराळ्या नावाचा आणि चारशे रुपयांचा, आमच्या न्हाणीघरात आधीपासून नांदत होता.

मी वर्तमानपत्र पसरून दोन्ही रेझर उकलले. याची टोपी त्याच्या दांड्यावर बिनतक्रार बसली. “मामा, आटे बहुतेक सगळ्यांचेच सारखे असतात,” भाचा म्हणाला, आणि हा पुरावा बाद झाला. मग मी पाते जिच्यावर टेकते ती पट्टी उलटी करून भिंगाखाली धरली. जस्ताच्या मिश्रधातूचा रस साच्यात दाबाने भरून असे भाग काढतात आणि वरून क्रोमचा मुलामा देतात. त्या मुलाम्याखालीही साच्याची खूण लपत नाही. दोन्ही पट्ट्यांवर एकाच जागी, एकाच कोनातला बारीक चंद्रकोरीसारखा व्रण होता. भाच्याने चहा मागितला.

आता कायदा अगदीच झोपलेला नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मालाचा मूळ देश छापावा लागतो. अक्षरांची किमान उंचीही मिलिमीटरमध्ये ठरवून दिलेली आहे आणि विक्रेते त्या किमान मर्यादेचा मनापासून आदर करतात. वारसा बोटभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत आणि ‘मूळ देश : चीन’ पेटीच्या बुडाशी, बारकोडच्या आडोशाला. पण परदेशी कारखान्याचे नाव देण्याची सक्ती नाही. म्हणजे देश कळतो, गाव कळत नाही. चार पिढ्या डोंबिवलीत काढलेल्या माणसालाही आपण पहिल्या भेटीत “मूळ गाव कोणते?” असे विचारतो आणि तो बिचारा रत्नागिरीकडचे सांगतोही, रेझर मात्र भिवंडीच्या गोदामाचा पत्ता देऊन गप्प बसतो.

माल दुसऱ्याकडून बनवून घेण्यात पाप आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ठाण्यात तयार झालेली पाती परदेशी दुकानांच्या नावाने विकली गेलीच आहेत, आणि एखादा साहेब ती आपल्याच मुलखातली समजून ठाणे गालावर फिरवत असेल, या विचाराने मला सात्त्विक आनंदच होतो. अमेरिकेतील डॉलर शेव्ह क्लब या कंपनीची पाती दक्षिण कोरियाच्या डॉर्को कंपनीने बनवलेली होती. हे उघड असूनही युनिलिव्हरने २०१६ मध्ये हा क्लब विकत घेतला. हॅरीज या कंपनीने तर २०१४ मध्ये आइसफेल्ड या जर्मन गावातला पात्यांचा कारखानाच घेतला आणि ते अभिमानाने सांगितले. सांगितल्याने कोणाचे दुकान बंद पडले नाही. ज्याला गाळा भाड्याने घेऊन, नाव कोरून, मखमल घालून विकायचे आहे त्याने खुशाल विकावे आणि मखमलीचे पैसेही लावावेत. फक्त निबंधात जिथे पणजोबांची मिशी येते, तिथेच त्या कारखान्याचे नावही त्याच आकारात यावे. दांड्याचा आटा झिजला, तर मला मिशीचा नव्हे, आट्याचा सुटा भाग लागणार आहे.

हे सर्व मी ग्राहक सेवा केंद्रातील मुलीला सविस्तर सांगितले आणि रेझर नेमका कोणी बनवला, हे विचारले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“सर, आमच्या ब्रँडनेच बनवला आहे.”

“कुठे?”

“सर, तुमचा पिनकोड सांगता का? तिथपर्यंत डिलिव्हरी आहे का, ते बघून सांगते.”