दाताचा आकार आणि हाडाची जाडी : आपल्या आक्षेपाविषयी

नमस्कार,

'दाताचा आकार पाहून भोवतालच्या हाडाचा अंदाज येतो' हे माझे विधान खरे असते, तर आपल्या रुंद, चौकोनी पटाशीच्या दातांपुढे भक्कम हाड सापडायला हवे होते, प्रत्यक्षात स्कॅनमध्ये ते अर्धा मिलिमीटरही भरले नाही, असे आपण लिहिलेत. आक्षेप रास्त आहे. हाडाच्या काठाची वळणे आणि हाडाची जाडी या दोन निराळ्या गोष्टी मी एका वाक्यात कोंबल्या.

काठाबद्दलचे म्हणणे मात्र मी मागे घेणार नाही. एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण पांढरे आवरण, जिथे संपते ती रेषा पुढच्या दातांच्या बाजूंवर कमानीसारखी वळते, वरच्या मधल्या दाताला हे वळण साधारण साडेतीन मिलिमीटर असते, तर दाढांवर ती रेषा जवळजवळ सपाट जाते. आणि निरोगी तोंडात हाडाचा काठ त्या रेषेपासून सुमारे दोन मिलिमीटर अंतर राखून तिच्यामागोमाग वळत असल्याने पुढच्या दोन दातांमध्ये हाडाचा सुळका दिसतो, दाढांमध्ये पठार. त्रिकोणी दातांचा शेजारच्या दाताशी स्पर्शबिंदू चावण्याच्या टोकाकडे असतो, म्हणून तिथून हाडापर्यंतचे अंतर वाढते. दंतसंशोधक टार्नो आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मोजले, तेव्हा हे अंतर 5 मिलिमीटर किंवा कमी असताना दातांमधली फट हिरडीने जवळपास नेहमीच भरलेली होती. 6 मिलिमीटरला हे प्रमाण 56 टक्क्यांवर, 7 ला 27 टक्क्यांवर आले. दातांमध्ये हिरडीने न भरलेल्या जागेचे काळे त्रिकोण दिसतात ते त्यामुळे.

जाडीचे गणित वेगळे. मूळ जबड्यात किती पुढे सरकलेले आहे, त्याचा कल कुठे आहे, यावर ती प्रामुख्याने ठरते, आणि वरच्या पुढच्या दातांसमोरची भिंत बहुसंख्य लोकांत एक मिलिमीटरपेक्षा पातळच असते. तेव्हा आपण अपवाद नाही. लांब-अरुंद दातांच्या लोकांत हिरड्या अधिक उतरतात, हे ओल्सन आणि लिंडे यांचे 1991 मधले निरीक्षण हिरडीविषयी होते. त्यावरून थेट हाडाच्या जाडीवर मारलेली उडी माझी.

'जबडाच दाताला घडवत असेल' हा आपला दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. कायमच्या पटाशीच्या दाताचा वरचा भाग चार-पाच वर्षांच्या वयातच पूर्ण होतो. मुळाभोवतीचे हाड नंतर, दात वर येताना रचले जाते. ज्यांना जन्मतः दातच नसतात, त्यांच्यात जबड्याचा हा कडेचा भाग वाढतच नाही, आणि दात काढला की तो झिजतो.

एक विचारायचे राहिले: आपल्या स्कॅनची सूक्ष्मता किती होती? ती 0.4 मिलिमीटर असेल, तर इतकी पातळ भिंत चित्रात पुसट होते किंवा दिसतच नाही, आणि आपला आकडा मोजमापापेक्षा अंदाजच अधिक ठरेल.