वीस वर्षांच्या गाडीचा गुन्हा काय?

'अमेरिकेत चालवू देतील का इतकी जुनी गाडी?' नाशकातल्या आमच्या जुन्या गाडीचं काय करायचं यावरून घरच्या ग्रुपवर सध्या हा प्रश्न कुणी ना कुणी टाकतंच, आणि दर वेळी माझं डोकं तापतं. मी कॅलिफोर्नियात राहतो. माझी कॅमरी २००५ सालची आहे, दोन लाख मैलांच्या पुढे गेलेली आहे, रोज फ्रीवेवर असते. गेल्याच महिन्यात तिचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी पुन्हा झालं. घरबसल्या फी भरली, टपालाने स्टिकर आला, मागच्या प्लेटच्या उजव्या कोपऱ्यात जुन्यावरच चिकटवला. गाडीचं वय झालं, आता काढा, असं मला कुणी म्हटलं नाही.

वादाला निमित्त झालं ते ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्राच्या अधिसूचनेचं. वीस वर्षांहून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी त्यात १०,००० रुपये केली, दुचाकीची २,०००. पंधरा ते वीस वर्षांच्या कारला ५,००० आहेतच. मार्च २०२२ पर्यंत हेच काम ६०० रुपयांत होत होतं. नाशकात आमच्या बाबांची वॅगन आर आहे, २००५ च्या डिसेंबरातली, एमएच-१५. पहिली पंधरा वर्षं झाली तेव्हा नियमाप्रमाणे पाच वर्षं वाढवून मिळाली, ती आता संपताहेत. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात देऊन टाकू. आतेभाऊ त्याच्या बाजूने. 'प्रगत देशांत हेच करतात' हे वाक्य त्याचंच.

प्रगत देशांत हे करत नाहीत. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वयच बारा वर्षांच्या वर आहे. कॅलिफोर्नियात वार्षिक फीचा एक हिस्सा गाडीच्या किमतीवर ठरतो, ०.६५ टक्के, आणि ती किंमत दर वर्षी उतरत्या कोष्टकाने धरतात. शेजारच्या नव्या टेस्लाला जे पैसे पडतात त्याच्या कितीतरी कमी मला पडतात. गाडी जुनी होते तशी इथली फी उतरते. आपल्याकडे चढते. जर्मनीत तीस वर्षांची नीट राखलेली गाडी असेल तर तिला खास 'एच' अक्षराची प्लेट आणि करात सवलत मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं पुरी झाली की रस्ताकर माफ. भावाने यावर जपान काढलं: तिथे तेरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीला जास्त कर आहे. आहे, मी नाकारत नाही. पण जपानमध्ये नवी गाडी तीन वर्षांची झाली की तिथून पुढे दर दोन वर्षांनी कडक तपासणी होते, ती आधी आणा, मग कराचं बोलू.

जुन्या गाड्यांना इथे कॅलिफोर्नियात मोकळं रान आहे असंही नाही. नव्या गाड्यांना आठ वर्षं स्मॉगमधून, म्हणजे धुराच्या सक्तीच्या तपासणीतून, सुटका असते, माझ्यासारख्यांना दर दोन वर्षांनी जावंच लागतं. स्मॉगवाला स्टिअरिंगखालच्या पोर्टला केबल लावतो आणि गाडीचा संगणक आतलं सगळं सांगून टाकतो. काही लपवायला आदल्या दिवशी बॅटरी काढून लावली असेल तर तेही कळतं, कारण संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या अर्धवट दिसतात. चार दिवस गाडी चालवून परत या म्हणतात. मग तो बॉनेट उघडून टॉर्च घेऊन बघतो, गाडीखाली वाकतो, धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर जागेवर आहे का ते डोळ्यांनी पाहतो. १९७६ ते १९९९ च्या गाड्या बहुतेक ठिकाणी रोलरवर पळवून धूर मोजतात. निकाल तिथूनच थेट डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे जातो. नापास झालात तर फी भरूनही स्टिकर येत नाही. पास झालात तर गाडी १९९० ची असली तरी रस्ता तुमचा. आणि बऱ्याच जुन्या गाड्यांना 'स्टार' दर्जाच्या केंद्रावर पाठवतात, त्यांतल्या काही केंद्रांवर फक्त तपासणी होते, दुरुस्ती होत नाही. म्हणजे तिथे तरी नापास करून कुणाचा धंदा वाढत नाही.

'ब्रेक कोण तपासतं?' असं भावाने विचारलं. कॅलिफोर्नियात कुणी तपासत नाही. आपल्याकडे नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यावी लागते, निरीक्षक बघतो, चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. कागदावर आपला नियम इथल्यापेक्षा पुढे आहे, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. तपासणी हातात असताना वयाला दंड कशासाठी? ती तपासणी खरी करा, पीयूसी खरी करा. काळा धूर सोडणारा सहा वर्षांचा टेम्पो पीयूसी दाखवून निघून जातो आणि वीस वर्षांत साठ हजार किलोमीटरही न गेलेली वॅगन आर प्रदूषणाची धनी ठरते! दिल्लीत जुलै २०२५ मध्ये पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना आणि दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं होतं. लोक इतके चिडले की काही दिवसांत ते थांबवावं लागलं. ज्यांच्याकडे वीस वर्षांची गाडी असते ते मला तरी बहुतेक निवृत्त लोक दिसतात. स्कूटर बाजारापुरती काढणारे, दर रविवारी पुसणारे. ज्याने नीट वापरली त्यालाच जास्त फी, हा न्याय मला पटत नाही.

बाबांनी ती गाडी अशीच वापरली. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची वही आहे. तारीख, किलोमीटर, किती लिटर, ऑइल कधी बदललं, सगळं निळ्या शाईत. शेवटच्या दोन पानांवर अक्षर थरथरलेलं आहे. ते गेल्यावर गाडी भावाच्या नावावर झाली. मी इथे, तो तिथे, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

फीचे पैसे मी पाठवतो म्हटलं. त्यावर भाऊ फोनवर शांतपणे म्हणाला, "दादा, प्रश्न पैशांचा नाही. बॅटरी उतरते ती मी बदलायची, नवी नंबरप्लेट मी लावून घ्यायची, दारातली जागा माझी अडते. आणि गाडी तुला हवी असते वर्षातून पंधरा दिवस." मला पटकन काही बोलता आलं नाही. मतदारयादीत मी नाही, रेशनकार्डावर नाही, पासपोर्टही आता दुसरा आहे. घराच्या फाटकात ती पांढरी गाडी दिसली की अजून आपलं इथे काहीतरी आहे असं मला वाटतं. ती गेली तर नाशकात मी पाहुणा होईन, आणि हे मला भावाला सांगता येत नाही, म्हणून मी त्याला ०.६५ टक्के सांगत बसतो.

पण टक्के खरे आहेत आणि अन्यायही खरा आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी येतोय. फी भरायची, गाडी तपासणीला मीच घेऊन जायची, असं आमचं ठरलंय. इंजिन, ब्रेक, धूर, कशातही निरीक्षकाने नाही म्हटलं तर मी तिथल्या तिथे मान्य करीन आणि भंगाराच्या कागदांवर भावाच्या शेजारी उभा राहीन. जन्मसाल बघून नाही म्हटलं तर भांडेन.